सलग

उद्यमनगरात, लेथच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
मी दूधसंस्थांची यंत्रं लिहिते.
यंत्रं लिहिते म्हटलं की आई अजून हसते.
खाली लोखंड सोलत असतं, वर माझ्या टेबलावर
नखाएवढी चिप,
तिच्या पोटात वीस किलोबाईट.
लग्नाचा एक फोटो मावणार नाही एवढ्या जागेत
अख्ख्या गावाचं दूध.

पहाटे सव्वासहाला फोन.
हिंदुराव चौगले, सचिव, नदीपलीकडनं:
"मॅडम, नवव्या दिवशी मान टाकतंय बघा.
रांग लागलीया, आन् म्हशीच्या दुधाला फॅट शून्य दावतंय.
बंद करून चालू केलं की पुन्हा झ्याक."

तेच तर.
बंद करून चालू केल्यावर बरा होणारा आजार
कुणाला आजार वाटत नाही.

मी तपासलं होतं की. पंधरा दिवस, रात्रंदिवस.
नावं दिली होती अ, ब, क.
सगळी एका मापाची.
गावात कुणी बाळू असतो
आणि कुणी चंद्रप्रभा बाबगोंडा पाटील.
ज्याच्या त्याच्या नावापुरती जागा मागायची,
नोंद पुढे गेली की परत करायची.
कुणाची लगेच जायची,
कुणाची रेंज येईपर्यंत ताटकळायची.
पण बुडवली नाही एकही. गळती शोधली, नव्हतीच.

मग रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजारात उभी होते
आणि मेथीवाली उठली.
तिच्या जागी लिंबूवाला बसला, अर्धी जागा उरली.
पलीकडे कोथिंबीर संपली, तिथं लसणाची एक पाटी आली.
असं दुपारपर्यंत.
तेवढ्यात कोबीची हातगाडी घेऊन एकजण आला.
जागा होती. वीतभर इथं, हातभर तिथं,
सगळी जोडली तर दोन गाड्या मावतील एवढी.
गाडीवाला म्हणाला, "जरा सरका की."
लोक सरकले.

माझ्या चिपमध्ये कुणी सरकत नाही.
जो जिथं बसला, त्या पत्त्यावर
कुणाकुणाची बोटं रोखलेली असतात.
तो हलला तर बोटं भलत्याच्याच डोळ्यात.

त्या पहाटे मोकळे होते तीन हजार एकशे बारा बाईट.
मी मागितले एकशे ऐंशी.
सलग नव्हते.
यंत्रानं तसं सांगितलंही होतं, हातावर शून्य ठेवून.
मी त्या शून्यालाच पत्ता समजले.

रात्री बसून मॅलॉक खोडला. सत्तावीस ठिकाणी.
चाळीस कप्पे केले, सुरुवातीलाच, कायमचे,
प्रत्येकी अठ्ठेचाळीस बाईट.
बाळूलाही अठ्ठेचाळीस.
मगदूम सर म्हणाले, "नासाडी आहे ही."
म्हटलं, आहे.

दहाव्या दिवशी पहाटे मी स्वतः गेले.
यंत्र जागं होतं.
अकराव्या दिवशीही गेले, विश्वास नव्हता.
चंद्रप्रभाकाकूंची किटली आली, पावती निघाली:
*चंद्रप्रभा बाबगो*
आणि पुढे एक काळा चौकोन.
देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाईट खातं,
मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा.
हे मला माहीत होतं. म्हणजे असायला हवं होतं.

चौगले म्हणाले, "काकू, मालकांचं नाव तुटलं की वो."
काकूंनी पावती दिव्याखाली धरली,
लांब केली, जवळ आणली.
"माझं आलंय न्हवं पुरं?
मग ऱ्हाऊ दे. फॅट किती?"
सात पूर्णांक दोन.

चौकोन मी त्याच संध्याकाळी काढला.
त्यात बाबगोंडांच्या अनुस्वाराचा
एक तृतीयांश अडकून पडला होता.
नाव तेवढं तसंच आहे अजून.
कप्पा वाढवायचा म्हणजे चाळिसांचाही वाढवावा लागतो,
आणि काकूंनी परत काही म्हटलेलं नाही.